डोंगरवाटेचे प्रश्न : बूट उतारासाठी घ्या

प्रश्न : माझं वय ५२. मैत्रिणींबरोबर नुकतीच ट्रेकला जायला लागले आहे. श्रावणात कळसूबाई केलं. उजवा घोटा पूर्वी मुरगळला होता, म्हणून मुद्दाम घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ बूट घेतले. चढताना काही वाटलं नाही. पण पायथ्याच्या बारी गावात उतरेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं ठणकत होती, आता ती काळी पडली आहेत. मोजे तर पिळून काढावे लागले. दुकानदार म्हणतो, ‘वापरून सैल होतील हो.’ डिसेंबरात राजगड ठरलाय. हेच बूट वापरू, की एक नंबर मोठे घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, बूट लांबीला सैल होत नसतो. चामड्याचा असेल तर रुंदीला थोडा पसरतो, वरचा भाग पायाच्या वळणाने मऊ पडतो, पण पुढचं टोक आहे तिथंच राहतं. हे बूट सकाळी सपाटीवर फिरायला वापरा. राजगडाला नकोत.

नखं चढताना काळी पडत नाहीत, उतरताना पडतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, आणि तिथून बारीपर्यंत नुसता उतार. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकावर आपटतो. म्हणजे एकतर बूट आखूड आहे, नाहीतर लांबी पुरेशी असून नाडी सैल राहिली आहे. यातलं काय, ते घरीच कळेल. बुटातला सुटा तळ बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि ट्रेकचे मोजे घालून त्यावर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. सगळ्यात लांब बोटापुढे (पुष्कळांचं ते अंगठ्याशेजारचं असतं) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. मग करंगळीकडे बघा. ती तळाच्या कडेबाहेर जात असेल, तर प्रश्न नंबरचा नाही, रुंदीचा आहे.

आपल्याकडे बहुतेक बायका इथंच फसतात. चवडा रुंद म्हणून नंबर वाढवतात, बूट लांबीला मोठा होतो आणि उतारावर पाय आत अधिकच घसरतो. त्यापेक्षा सरळ पुरुषांच्या विभागात जा. तिथले बूट त्याच लांबीला सहसा थोडे रुंद असतात. नाशिकहून माझ्याबरोबर येणाऱ्या कितीतरी बायका पुरुषांचेच बूट घालतात. डोंगराने अजून हरकत घेतलेली नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मोजे स्वतःचे न्या. दोन्ही बूट घालून बघा, कारण दोन पाय क्वचितच एका मापाचे असतात, आणि नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. मग आरशासमोर मिरवू नका, जिना उतरा. एखादी उतरती फरशी मिळाली तर तिच्यावर तोंड खाली करून उभ्या राहा, पाय दोन-चारदा पुढे दाबा. अंगठा टेकला की तो बूट परत. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. पैसे तुमचे आणि नखंही तुमचीच.

आता नाडी. माझ्या मते निम्मी दुखणी हिच्यामुळे होतात. बूट घातला की टाच जमिनीवर ठोकून मागे बसवा, मग खालून वर नाडी आवळत या. वरची दोन भोकं उरली, की प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा ठेवा. उजवीकडची नाडी डावीकडच्या फाशातून आणि डावीकडची उजवीकडच्या फाशातून ओवा. दोन्ही टोकं खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच आत घट्ट बसते, पाय पुढे जात नाही. उतरायला लागण्याआधी पाच मिनिटं बसून हे नव्याने करायचं. लोक माथ्यावर फोटो काढतात आणि सकाळी बांधलेल्या ढिल्या नाडीनेच निघतात.

वॉटरप्रूफचं म्हणाल, तर ते हिमालयात बर्फावरून चालताना कामाचं. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून येतं, पोटरीवरून ओघळत बुटात उतरतं, ओढ्यात गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तुमचे मोजे पिळावे लागले. पावसाळ्यात जाळीदार कापडाचा, पाणी लगेच सोडणारा बूट बरा. पाय भिजणारच, तो पुन्हा सुकायला हवा. सुती मोजे मात्र नकोत. ते ओल धरून ठेवतात, आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, एक जोड सॅकमध्ये कोरडा ठेवा.

घोट्यासाठी उंच बूट घेतलात, त्यात गैर काही नाही. पण घोट्याची सगळी भिस्त त्या दोन इंच कापडावर टाकू नका. बूट टोकाला आणि टाचेला धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला, तर तो उंच असूनही घोट्याला आधार देणार नाही. टाचेचा कप, म्हणजे टाचेमागचा कडक भाग, बोटाने दाबून चेपता कामा नये. आणि रोज दात घासताना एका पायावर उभ्या राहा, निम्मा वेळ उजव्या, निम्मा डाव्या. घोट्याला याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बुटाने पडत नाही. वजनही हातात घेऊन बघा. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, पाठीवरच्या वजनापेक्षा ते कितीतरी जास्त दमवतं.

राजगडाला डिसेंबरात शेवाळं नसेल, पण वाटेवर सुकी माती आणि बारीक खडे असतील. अशा घसाऱ्यावर खोल, एकमेकांपासून लांब दातांचा सोल धरतो. कातळावर आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर महत्त्व रबराच्या मऊपणाला. सोलवर नख दाबून बघा, प्लास्टिकसारखा टणक लागला तर सोडून द्या. गुंजवणे गावाहून चोर दरवाजाने जाण्यापेक्षा पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरा, तुमच्या घोट्याला ती मानवेल.

नखांचं एवढंच : ठणका कमी होत नसेल किंवा सूज, पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर वाटच बघू नका. पुढच्या ट्रेकआधी नखं सरळ आणि आखूड कापा.

प्रश्न : वडिलांचे भारी ट्रेकिंग बूट सात-आठ वर्षं माळ्यावर आहेत. मला नंबर बरोबर बसतो. दिसायला नवेकोरे आहेत. वापरू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थेट गडावर नको. अशा बुटांच्या सोलमधला मऊ थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो, न वापरताही. वरून काहीच कळत नाही. हरिश्चंद्रगडावर आमच्यातल्या एका गृहस्थांचा सोल असाच टाचेकडून उघडला. आतून पिवळट भुगा सांडत होता. तासाभरात दुसराही निघाला. पायथ्याच्या पाचनई गावापर्यंत ते सुतळी बांधून उतरले, आणि सुतळी दगडावर घासून दर थोड्या वेळाने तुटत होती. आधी बूट घालून आठवडाभर घराजवळ चाला, सोल हाताने वाकवून बघा, सांध्यात भेगा शोधा. बारीकशी भेग दिसली तरी वडिलांची आठवण म्हणून ठेवा, पायात घालू नका. चिकटवून उपयोग नाही, कारण थरच मेलेला असतो.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. बजेट फार तर पंधराशे. चांगले बूट मिळतील का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : मिळतील. ‘अ‍ॅक्शन’ कंपनीच्या ट्रेकिंग बुटांवर सह्याद्रीत कितीजण वर्षानुवर्षं हिंडलेत. दिसायला यथातथा, पण पकड चांगली. दुकानात नख दाबायची आणि जिना उतरायची परीक्षा मात्र घ्याच, आतला तळ पातळ वाटला तर वेगळा घालता येतो. बुटात बचत करा, मोज्यांत नको. आणि नवा बूट पहिल्यांदा घालून मोठ्या ट्रेकला येणाऱ्याला मी पायथ्यावरूनच परत पाठवते, तेव्हा निदान दोन आठवडे कॉलेजला तोच घालून जा.