खोक्यावरचे मिलिवॅट आणि हेडफोनची भूक

प्रश्न : माझ्याकडे बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहम रोधाचा हेडफोन आहे. फोनला १ व्होल्टचा साधा डोंगल (चार्जिंगच्या सॉकेटला हेडफोन जोडायची छोटी वस्तू) लावून ऐकतो. सिनेमाची गाणी बरी वाजतात, पण ख्यालाची जुनी रेकॉर्डिंग लावली की आवाज शेवटपर्यंत नेला तरी कानाचं समाधान होत नाही. दुकानदार १००० मिलिवॅटचा बॅटरीवाला ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) घ्या म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लगेच नको. आधी तुमच्या हेडफोनला किती लागतं ते काढू. या हेडफोनला १ मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल आवाज मिळतो. ऐकताना सरासरी आवाज ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास असतो, पण तबल्याची थाप किंवा तानेचं टोक त्याच्या २० ते २५ डेसिबल वर उडी घेतं. म्हणून ११० डेसिबलची तयारी ठेवायची. ९६ वरून ११० म्हणजे १४ डेसिबल, म्हणजेच २५ पट ताकद. २५ मिलिवॅट झाले. व्होल्ट काढायचे तर वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ घ्या : ०.०२५ गुणिले २५० म्हणजे ६.२५, त्याचं वर्गमूळ २.५ व्होल्ट. करंट लागतो फक्त १० मिलिॲम्पिअर. थोडक्यात, तुमच्या हेडफोनला हवेत व्होल्ट, वॅटचा डोंगर नव्हे.

तुमचा डोंगल १ व्होल्टवर ४ मिलिवॅट देतो, म्हणजे १०२ डेसिबल. हल्लीची गाणी मुळातच दाबून, मोठ्या आवाजात भरलेली असतात, त्यांना एवढं पुरतं. ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डिंगची पातळीच खाली असते, त्यात आलाप तर अगदी हळू. तिथे हे १०२ कमी पडतात.

आता १००० मिलिवॅटकडे वळू. हा आकडा बहुतेक वेळा ३२ ओहमवर मोजलेला असतो, आणि तोही ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड सॉकेटचा, म्हणजे जिथे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात. ३२ ओहमवर १००० मिलिवॅट म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट. तुमच्या डीटी ९९० प्रोची वायर मात्र एकाच बाजूने आत जाते, ती काढता येत नाही आणि दोन्ही कानांची उणे तार त्यात एकच आहे. आतली वायरिंग बदलल्याशिवाय तो बॅलन्स्डवर चालणार नाही. तुम्हाला ३.५ मिलिमीटरचंच सॉकेट वापरावं लागणार, आणि तिथे बहुधा निम्मे व्होल्ट मिळतात : २.८ च्या आसपास. २५० ओहमवर ते होतात ३२ मिलिवॅट. पुरेसे आहेत, पण पैसे हजाराचे मोजून हाती बत्तीसच आले.

म्हणून दुकानात चार गोष्टी विचारा : हा आकडा किती ओहमवरचा, कुठल्या सॉकेटचा, एका कानाचा की दोन्ही मिळून, आणि आरएमएस (सलग टिकणारा) की क्षणभराचा. उत्तर मिळालं नाही तर ‘३.५ च्या सॉकेटवर जास्तीत जास्त किती व्होल्ट?’ एवढं एकच विचारा. तुमच्यासाठी ३.५ वर खरे २ व्होल्ट देणारा डोंगल ही पहिली पायरी. आत्तापेक्षा ६ डेसिबल जास्त मिळतील, हा फरक कोणालाही ऐकू येतो. कोणाचा तरी मागून दोन दिवस वापरून बघा. त्यावरही भूक राहिली तरच बॅटरीवाला.

एक बारीक गोष्ट. बॅटरीवाल्या ॲम्पला फिरवायचं बटण असेल तर गेन (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारा स्विच) ‘हाय’वर ठेवून बटण जेमतेम सुरुवातीला फिरवून ऐकू नका. बटणामागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) डाव्या-उजव्या कानांसाठीचे दोन पदर तिथे एकसारखे नसतात आणि एका कानात आवाज जास्त येतो. लोक हेडफोन बिघडला म्हणून दुरुस्तीला धावतात. गेन ‘लो’ करा, बटण मध्यापर्यंत येऊ द्या, फरक जातो.

प्रश्न : हायफायमनचा सुंदरा घेतला, फक्त ३७ ओहमचा. कमी ओहम म्हणजे चालवायला सोपा, असं समजत होतो. मग फोनच्या डोंगलवर मोठ्या आवाजात ढोल-ताशा फाटल्यासारखा का वाजतो?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ओहम ही अर्धीच गोष्ट, दुसरी अर्धी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅटला किती आवाज मिळतो ते. सुंदराची ९४ डेसिबल आहे. वरच्याच हिशेबाने ११० ला ४० मिलिवॅट लागतात, पण व्होल्ट फक्त १.२. करंट मात्र ३३ मिलिॲम्पिअर, म्हणजे वरच्या हेडफोनच्या तिप्पट. छोट्या डोंगलची चिप व्होल्ट देते, करंट देताना दमते, आणि खर्जाचा मोठा ठोका आला की लाटेचं टोक कापलं जातं. तेच तुम्हाला फाटलेलं ऐकू येतं. तुमच्यासाठी खोक्यावरचा ३२ ओहमचा आकडा थेट कामाचा : ३.५ वर १०० मिलिवॅट खरे मिळाले की झालं.

ॲम्पचा स्वतःचा रोध तुमच्या बाबतीत फार त्रास देत नाही, कारण सुंदरासारख्या प्लेनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनचा रोध सगळ्या सुरांवर जवळपास सारखाच राहतो. सेनहायझरचा एचडी ६०० असता तर वेगळं सांगितलं असतं. तो ३०० ओहमचा म्हणतात, पण १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या वर जातो. जास्त रोधाच्या ॲम्पवर त्याचा खर्ज फुगतो. कोणाला आवडतो, पण तो रेकॉर्डिंगमधला नसतो.

प्रश्न : माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये मागाचा खडखडाट घुसतो. जास्त ताकदीचा ॲम्प घेतला तर तो दबेल का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : दबेल, आणि त्याबरोबर तुमचे कानही. ॲम्प बाहेरचा आवाज कमी करत नाही, आतला वाढवतो. आधीच ८० डेसिबल खडखडाट असेल तर त्यावर गाणं नीट ऐकायला ९० च्या वर जावं लागतं. ८५ डेसिबल आठ तास हा कामाच्या जागेसाठी धरला जाणारा हिशेब. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. मागावर काम करणाऱ्या घरच्या माणसांचे कान तर दिवसभर आधीच खर्ची पडलेले असतात, त्यांच्यासाठी हा हिशेब आणखी आखूड.

ॲम्पचे पैसे बंद पाठीच्या हेडफोनवर किंवा कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनवर घाला. इअरफोनचे रबर लहान-मध्यम-मोठे तिन्ही लावून बघा. नीट बसलं की खर्ज एकदम भरून येतो, तीच खूण. आणि असा इअरफोन पुढेमागे ॲम्पला लावलात तर गेन ‘लो’च ठेवा, नाहीतर गाणं थांबल्यावर ‘सूं’ असा आवाज येत राहील.

प्रश्न : जुना, वापरलेला ॲम्प घ्यायचा आहे. घेताना काय तपासावं?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला किंवा झाकणाची फट वाढलेली दिसली तर आतला लिथियम सेल फुगलाय, घेऊ नका. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि उन्हातल्या दुचाकीची डिकी त्याहून तापते. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि डिकीतून काढून लगेच चार्जरला लावण्याची सवय कित्येकांना असते.

मग ॲम्पचा स्वतःचा रोध मोजायला मल्टिमीटर घ्या. ॲम्पला जोडलेल्या फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर पूर्ण पातळीवर वाजवा. साधे मीटर याच फ्रीक्वेन्सीला विश्वासाने मोजतात, १००० हर्ट्झला चुकू शकतात. ॲम्पच्या ३.५ च्या सॉकेटमध्ये जोडलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेच्या टोकावर आणि मुळाशी एसी व्होल्ट मोजा. नंतर त्याच दोन ठिकाणी ३३ ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. समजा मोकळं २.०० आलं आणि रेझिस्टरसह १.९० : २ भागिले १.९, त्यातून १ वजा, गुणिले ३३. ॲम्पचा रोध आला १.७ ओहम, उत्तम. डावा-उजवा दोन्ही बघा. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा हा आकडा कमी असला की पुरे.

विकणाऱ्याने ४.४ मधून ३.५ चा हेडफोन लावायचं कन्व्हर्टर फुकट दिलं तर ते घरी ठेवूच नका. त्यात डाव्या-उजव्या बाजूच्या दोन उणे तारा एकत्र जोडल्या जातात. बॅलन्स्ड ॲम्पमध्ये त्या तारांतूनही सिग्नल येत असतो, त्यामुळे त्या एकमेकींवर शॉर्ट होतात आणि आउटपुटची चिप जळू शकते. उलट दिशेचं, म्हणजे ४.४ च्या वायरचा हेडफोन ३.५ च्या सॉकेटला लावणारं कन्व्हर्टर चालतं.