‘अ’ लांबवला की ‘आ’ होतो का?

प्रश्न असा आहे: इ-ई, उ-ऊ या जोड्यांसारखीच अ-आ ही ऱ्हस्व-दीर्घ जोडी आहे, असं शाळेत शिकवतात. मग अ आणि आ यांत फक्त लांबीचाच फरक आहे का?

बोलण्यात तरी नाही. ‘फळ’, ‘फळं’ आणि ‘फळा’ हे तीन शब्द ओळीने म्हणून पाहा. ‘फळं’च्या शेवटी अनुस्वार लिहितो, पण प्रमाण बोलीत तिथे नाकाचा काही संबंध नसतो, नाक चिमटीत धरून म्हटलं तरी शब्द तसाच येतो. तो चक्क लांबवलेला अ आहे. नुसत्या लांबीने अ चा आ होत असता, तर ‘फळं’ आणि ‘फळा’ एकसारखेच ऐकू आले असते. म्हणजे मराठीच्या बोलण्यात दीर्घ अ आहे, फक्त वर्णमालेत त्याला घर नाही.

खरा फरक जिभेच्या उंचीचा. स्वर म्हणताना स्वरतंतू कंप पावतात आणि हवा तोंडातून कुठेही न अडता, न घासता बाहेर पडते. वेगळेपण येतं ते तोंडातल्या पोकळीच्या आकाराने. त्यामुळे वर्गीकरणात तीन गोष्टी पाहतात: जीभ किती वर आहे (वरून खाली: संवृत, अर्धसंवृत, अर्धविवृत, विवृत), तिचा कोणता भाग उचललेला आहे (अग्र, केंद्रीय, पश्च) आणि ओठ गोल आहेत की नाहीत. इथे जीभ म्हणजे तिचा फुगवटा, शेंडा नव्हे. ई म्हणताना शेंडा बहुधा खालच्या दातांमागे निवांत पडलेला असतो; वर जातो तो त्यामागचा भाग.

हे स्वतःला जाणवतं. ई म्हणायच्या तयारीत तोंड ठेवा आणि आवाज न करता झटकन श्वास आत ओढा. थंडावा कठीण टाळूपाशी लागतो. ऊ च्या स्थितीत तेच केलं तर तो ओठांशी आणि मागे मृदू टाळूकडे लागतो. मग ई-ए-ॲ-आ असं सलग म्हणा: जीभ पायरीपायरीने खाली येते, जबडाही उघडतो. मात्र जबड्याच्या उघडण्यावरून स्वर मोजू नका, तिथे हमखास फसगत होते. पुढच्या दातांत पेन्सिल धरूनही ओळखण्याजोगा ई म्हणता येतो, कारण जबडा अडकला तरी जीभ आपली उंची गाठतेच. ओठांचं काम वेगळं पाहायचं असेल तर ई लांबवत जीभ न हलवता फक्त ओठ गोल करा. मराठीत नसलेला, पण फ्रेंच-जर्मनमध्ये असलेला स्वर निघेल. परंपरेत उ ला ‘ओष्ठ्य’ म्हणतात ते ओठांपुरतं बरोबर आहे, पण जीभ मागे उचललेली असते हे त्या नावातून कळत नाही.

या चौकटीत आ विवृत, जीभ अगदी खाली. अ मात्र केंद्रीय आणि मधल्या उंचीचा. जीभ ना पुढे, ना मागे, ना वर, ना खाली. स्वरमार्ग (स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी) एका टोकाला बंद असलेली, सुमारे १७.५ सेंटीमीटरची सरळ नळी मानला तर तिचे अनुनाद, म्हणजे ज्या कंपनसंख्यांचा आवाज ती जास्त घुमवते त्या, ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास येतात. पुरुषी आवाजातला अ साधारण तिथेच असतो. आ मध्ये पहिला अनुनाद ७००च्या पुढे चढतो. जीभ जितकी खाली तितका पहिला अनुनाद वर, आणि जितकी पुढे तितका दुसरा वर, असा ढोबळ हिशेब. दुसरा नुसत्या कानाने पकडायचा तर कुजबुजत्या आवाजात ई-ए-आ-ओ-ऊ म्हणा, पट्टी उतरत गेल्यासारखी वाटेल.

आणि हे काही आधुनिक शोध नव्हेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं शेवटचं सूत्र (८.४.६८) आहे ‘अ अ’. अ संवृत आणि आ विवृत, म्हणजे उच्चाराचा प्रयत्न वेगळा, मग ते सवर्ण (एकाच जातीचे स्वर) ठरत नाहीत आणि देव + आलय = देवालय हा संधी नियमात बसत नाही. म्हणून व्याकरणाच्या प्रक्रियेपुरता अ विवृत मानला आणि अखेरच्या सूत्राने तो पुन्हा संवृत केला. ही जोडी नियमांच्या सोयीची आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं! मात्र तिथला ‘संवृत’ म्हणजे आ पेक्षा मिटलेला, एवढंच. आजच्या ध्वनिविज्ञानात संवृत म्हणजे ई-ऊ. दोन्ही एकच समजून अ ला स्वरांच्या तक्त्यात ई शेजारी बसवू नका.

इ-ई, उ-ऊ यांचं काय? मराठीत त्यांच्यात जिभेची जागा जवळपास तीच, फरक मुख्यतः लांबीचा, आणि तीही बरीचशी शब्दातल्या स्थानावर ठरते: गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला. ऋ आपण ‘रु’ म्हणतो, तेव्हा उच्चारात तो स्वर उरलेलाच नाही. ऐ आणि औ म्हणजे अइ आणि अउ. म्हणताना जीभ सरकते, म्हणून तक्त्यात त्यांच्यासाठी ठिपका न देता अ पासून इ कडे आणि अ पासून उ कडे जाणारा बाण काढतात.