कलेक्टरला जिवंत अ‍ॅव्हेंजर्स कशाला हवे होते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ सिनेमात मार्व्हलचा खलनायक कलेक्टर म्हणजे पांढऱ्या केसांचा विचित्र दुकानदार वाटतो, काचेच्या पेट्या, एकात कुत्रा, एकात बदक. कॉमिक्समध्ये तो अ‍ॅव्हेंजर्सना, म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या टीमला, खरंच कधी भारी पडलाय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: पडलाय की! बेनिसिओ डेल टोरोसारखा नट घेतला आणि त्याला जेमतेम दोन-चार सीन दिले, याचं मला अजून वाईट वाटतं. कॉमिक्समध्ये तो पहिल्यांदा आला 1966 ला, अ‍ॅव्हेंजर्सच्या 28व्या अंकात, लेखक स्टॅन ली, चित्रकार डॉन हेक. तेव्हा टीममध्ये थॉर नाही, आयर्न मॅन नाही, कॅप्टन अमेरिका आणि त्याच्या हाताखाली हॉकआय, क्विकसिल्व्हर, स्कार्लेट विच एवढेच. कलेक्टरने टीममधल्या जुन्या वास्पला पळवलं, तिला सोडवायला तिचा साथीदार, आकार बदलू शकणारा हँक पिम, गोलायथ नावाचा महाकाय हिरो बनून परत आला आणि त्या भानगडीत 10 फूट उंचीचाच राहून गेला, परत लहान होता येईना. या माणसाला ना पैसा हवा ना जग जिंकायचंय, त्याला फक्त अख्खी टीम जिवंत, आपल्या संग्रहात हवी.

पण खरा कलेक्टर बघायचा तर 1978 चा 174वा अंक. त्याआधीचे कितीतरी अंक अ‍ॅव्हेंजर्स एकेक करून गायब होत असतात, कोण नेतंय कुठे नेतंय काही पत्ता लागत नाही, आणि मग कळतं की हे सगळे याच्या जहाजावर. सोडवायला गेलेले थॉर आणि आयर्न मॅनसारखे दांडगे गडीपण त्याच्या हाती लागतात आणि शेवटी उरतो एकटा हॉकआय. ना देव, ना चिलखत, ना कुठली पॉवर, नुसता धनुष्यबाण आणि डोकं. आणि तोच कलेक्टरला हरवतो. मला विचाराल तर हॉकआयचा याच्याहून मोठा विजय नाही, लोक उगाच त्याला टीममधला कच्चा लिंबू म्हणतात.

प्रश्न: पण गोळा करतो कशासाठी? नुसता छंद?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: 1966 मध्ये तसंच वाटायचं, छंदिष्ट चोर. 1978 मध्ये त्याचं सगळं चित्रच बदललं. हरल्यावर तो सांगतो की आपण एल्डर्स ऑफ द युनिव्हर्सपैकी एक आहोत, म्हणजे विश्वातल्या अतिप्राचीन जमातींमधले शेवटचे उरलेले लोक. म्हातारपणाने मरण नाही, मग एवढं आयुष्य काढायचं कसं, तर प्रत्येकाने एकेक वेड धरलंय आणि त्यावरच ते जगतात. याला भविष्य दिसायचं. थॅनॉस येणार, सगळं जीवन संपवणार, हे त्याला आधी दिसलं, म्हणून त्याने जिवंत नमुने आणि वस्तू साठवायला सुरुवात केली, उद्या काहीच उरलं नाही तर यातून परत सुरू करता येईल म्हणून. नंतर त्याहून मोठा शत्रू दिसला, कोरवॅक. त्याच्यावर नजर ठेवायला याने स्वतःच्या मुलीला, कॅरिनाला पाठवलं आणि ती त्याच्याच प्रेमात पडली! आणि हे सगळं सांगताना शत्रूचं नाव तोंडातून निघायच्या आत कोरवॅकने लांबूनच त्याची राख केली. (सिनेमातली कॅरिना म्हणजे ती बिचारी मोलकरीण, जी अफाट ताकदीचा इन्फिनिटी स्टोन हातात घेते आणि अख्खं म्युझियम उडतं. तिथे मुलगी वगैरे काही नाही, मला हा बदल पटलेला नाही.)

प्रश्न: मग त्याचं चुकलं काय? थॅनॉस तर खरंच आला.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हा प्रश्न आवडला. धोका खरा होता हे मान्य, पण बघा, ज्या लोकांनी थॅनॉसशी लढायचं त्यांनाच हा पकडून ठेवणार! कॅप्टन अमेरिका बाहेर असेल तर तो कोणाला तरी वाचवेल, पेटीत असेल तर तो फक्त स्वतः वाचेल, आणि तसं वाचणं त्यालाच नको असेल. कलेक्टरने एकदाही कोणाला विचारलं नाही की बाबा तुला यायचंय का. माझा राग तिथे आहे. तो अ‍ॅव्हेंजर्सना सरळ जाऊन सांगू शकला असता, संकट येतंय, चला मिळून लढू. त्याने त्यांना वस्तू समजलं.

प्रश्न: सुपरमॅनचा शत्रू ब्रेनिअ‍ॅक, त्याच्यावरून ही कल्पना उचलली का?
– एक वाचक, गोवा

उत्तर: ब्रेनिअ‍ॅक आधीचा आहे हे नक्की, 1958, अ‍ॅक्शन कॉमिक्सचा 242वा अंक. तो शहरंच्या शहरं बारीक करून बाटलीत भरायचा, सुपरमॅनचा मूळ ग्रह क्रिप्टॉन, तिथलं कँडोर शहर त्यातलंच, कारण साथीने ओस पडलेल्या आपल्या ग्रहावर त्याला परत वस्ती करायची होती. पण त्याला शहरं हवी होती, लढवय्ये नाही.

लढवय्याला संग्रहात कोंडायची, तुम्हाला हवी तशी गोष्ट 1996 च्या सुपरमॅन कार्टून सिरीजमध्ये आहे, दोन भागांची. प्रिझर्व्हर नावाचा परग्रहवासी, त्याला आपापल्या जातीतले शेवटचेच प्राणी लागतात, म्हणून तो सुपरमॅनला पकडायला लोबो नावाच्या परग्रहावरच्या भाडोत्री शिकाऱ्याला सुपारी देतो. सुपरमॅनला कोंडतो ते लाल सूर्याच्या उजेडात, अगदी क्रिप्टॉनसारखं घर म्हणून, आणि तिथे त्याची सगळी ताकद जाते. मग लक्षात येतं की लोबोपण त्याच्या जातीतला शेवटचा, बाकीच्यांना त्यानेच संपवलेलं, झालं, तोपण आत! दोघं मिळून कसे सुटतात ते बघाच. माझा आवडता भाग त्यानंतरचा आहे, पिंजऱ्यातल्या बाकी प्राण्यांना जायला जग उरलेलं नसतं, म्हणून सुपरमॅन त्यांना आपल्या आर्क्टिकमधल्या फोर्ट्रेसमध्ये, म्हणजे गुप्त अड्ड्यावर, घेऊन येतो. सुटका केली आणि निघून गेला असं नाही, त्यांची जबाबदारी घेतली.

प्रश्न: ग्रँडमास्टर कलेक्टरचा भाऊ आहे का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: रक्ताचा नाही रे, दोघंही एल्डर्स म्हणून एकमेकांना भाऊ म्हणतात. कलेक्टरला योद्धे जपायचे असतात, ग्रँडमास्टरला झुंजवायचे. 2017 च्या ‘थॉर: रॅग्नारोक’ सिनेमात हल्कला रिंगणात उतरवणारा तोच.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, 1978 ची गोष्ट त्याला द्यावी का?
– एक आई, पुणे

उत्तर: 174वा अंक एकटा बिनधास्त द्या. पूर्ण गोष्ट 167 ते 177 अशी आहे, मधला 169वा सोडलात तरी चालेल, त्याचा कथेशी संबंध नाही. 177व्यात मात्र बरेच हिरो मरतात, नंतर जिवंत होतात खरे, पण तो अंक त्याच्यासोबत बसून वाचा.