बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगत नाहीयेत आणि बारसं तोंडावर आलंय, काय करावं?

तुमचं पुतणं पाच दिवसांचं आहे, आणि लघवीच्या जागेवरून लिंग ठरत नाहीये. घाई करायचीच तर रक्ताच्या तपासण्यांची करा. बारसं थांबेल.

इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः मुलगा की मुलगी हे शरीरावरून स्पष्ट नसलेल्या, बाळांमध्ये नेहमी सापडणारं एक कारण म्हणजे सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया) हा जन्मजात आजार. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत एक एन्झाइम कमी पडतं. कॉर्टिसोल पुरेसं बनत नाही, पुरुषी हार्मोन वाढतात. म्हणून आत गर्भाशय असूनही बाहेरून मुलासारखं दिसू शकतं. गंभीर प्रकारात शरीरातलं मीठ लघवीवाटे जातं, आणि ते बहुधा दुसऱ्या आठवड्यात, ऐन बारशाच्या सुमारास उघड होतं. बाळ दूध ओढेनासं होतं, ओकतं, मलूल पडतं, वजन उतरतं. घरचे ‘दूध बाधलं’ म्हणत बाळगुटी उगाळत बसतात आणि बाळ हातचं जाऊ शकतं.

आजच विचारा: 17-ओएचपी (सीएएच ओळखणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, साखर, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), पोटाची सोनोग्राफी. कॅरिओटाइपला दिवस लागतात. सोडियम-पोटॅशियम त्याच दिवशी कळतं, पण पहिलं नॉर्मल आलं तरी पुन्हा बघावं लागतं. पुण्यात मुलांचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) आहेत, त्यांनाच गाठा.

सीएएच निघालं तर हायड्रोकॉर्टिसोन, बहुधा दिवसातून तीनदा, आयुष्यभर. गोळीची पूड चमचाभर दुधात द्या, अख्ख्या बाटलीत कालवू नका. बाटली अर्धी राहिली की डोसही अर्धाच गेला. तापात डोस दुप्पट-तिप्पट लागतो, तो आधीच लेखी घ्या. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन.

आईने ग्रहणात सुरी धरली वगैरे ऐकू येईलच. सीएएचमध्ये सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही येतं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता 25 टक्के. मामे-आते भावंडांत लग्न झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

ऑपरेशन? लघवी अडत असेल तर करावंच. निव्वळ ‘नीट दिसावं’ म्हणून असेल तर माझ्या मते थांबा: व्रण राहतात, संवेदना जाऊ शकते, कापलेलं परत येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर तमिळनाडूने बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी आणली. ती महाराष्ट्राला लागू नाही, म्हणून सहीपूर्वी ‘आत्ताच का?’ हे तुम्हालाच विचारावं लागेल. आणि शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यापुढे दरवेळी लंगोट सोडायला ‘नको’ म्हणता येतं.

जन्मनोंद 21 दिवसांत होते, पण नावाचा रकाना रिकामा राहू शकतो. वर्षभरात नाव फुकट घालता येतं. बारसं करायचंच तर ‘किरण’ आहेच. शेजारी विचारतील, त्यांना ‘तपासण्या चालू आहेत, दूध छान पितंय’ एवढं पुरे.

सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेवा, डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून. पंधराव्या वर्षी ही फाइल मूल स्वतः मागेल.