व्याकरण जरा बाजूला ठेव

अगं, शाळेत मराठी शिकवायला लागतेयस ना, मग आधी मधल्या सुट्टीत पोरांच्या बोलण्याकडे कान उघडे ठेव. इथलं, गोव्यातल्या पेडण्यातलं पोर घरी कोंकणी बोलतं, देवळातल्या नाटकात मराठी. भाषा कच्ची नसते, कामं वेगळी असतात. भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे हेच पाहायचे: विषय काय, बोलणारे एकमेकांचे कोण, बोलून की लिहून? कोंकणीत 'माका जाय' म्हणणाऱ्याला मी दहादा 'मला हवं' लिहायला लावलं होतं. मूर्खपणाच!

आता पोरांना एकच मागणी आईकडे आणि सरपंचाकडे मांडायला सांगते. कोंकणीला राजभाषा करणाऱ्या गोव्याच्या १९८७च्या कायद्यावर स्टाफरूममध्ये वाद घालू नकोस, चहा थंड होतो. पोरं अडखळतात ती अर्जात. 'नळाला पाणी सोडत नाहीत' याचं 'पाणीपुरवठा खंडित आहे' झालं, की न सोडणारा कुठे गायब होतो, ते फळ्यावर सावकाश उलगडून दाखव.