परदेशी निघण्याआधी: घर, प्लॉट आणि शेताची मोजणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यात वडिलोपार्जित कौलारू घर, चुलत्यांबरोबर सामाईक दोन एकर भातशेती, बेळगावात ३० बाय ४० चा प्लॉट, आणि जूनमध्ये अबू धाबीला रुजू व्हायचंय. मोजणी आत्ता करून घ्यावी की पहिल्या सुट्टीत?

दादा, आत्ताच. गल्फमधली लांब सुट्टी बहुतेकांना जुलै-ऑगस्टमध्ये मिळते आणि त्या दिवसांत खानापूरची शेतं पाण्याखाली असतात, रोप लावून झालेलं असतं. मोजणीची साखळी टाकायला जागाच नसते. निपाणी-चिकोडीकडं हाच घोळ उभ्या उसामुळं होतो. मोजणीचा खरा हंगाम म्हणजे भात कापल्यापासून मेअखेरपर्यंत. सर्व्हेअरची तारीख तुमच्या तीन आठवड्यांच्या रजेत बसेल हा भरवसा धरू नका.

कोल्हापूरचे पाहुणे सातबारा, आठ-अ, भूमी अभिलेख असं सांगतील. ते आपल्याकडं, कर्नाटकात, चालत नाही. इथं पहाणी, म्हणजे आरटीसी (जमिनीचा मालक, क्षेत्र, पीक दाखवणारा उतारा). ती कन्नडमध्ये असते आणि क्षेत्र एकर-गुंठ्यात. आधी पहाणी काढून वाचता येणाऱ्याकडून नीट वाचून घ्या. ९ व्या रकान्यात खातेदारांची नावं, ११ व्यात बोजा (कर्ज, गहाण वगैरे). आजोबांचंच नाव असेल तर पहिल्यांदा वारसा लावा (तलाठ्याकडं 'पौती खाता' म्हणतात). कन्नड पहाणीतलं नाव, आधारवरचं आणि पासपोर्टवरचं ताडून बघा. आपल्याकडं आडनाव गळणं, वडिलांचं नाव मागंपुढं होणं सर्रास असतं. इथं असताना ते प्रतिज्ञापत्र देऊन दुरुस्त होतं, तिकडून करायला गेलात तर प्रत्येक कागदाला नडतं.

सामाईक शेताबद्दल जरा सावकाश वाचा, कारण अर्ज इथंच चुकतात. नुसता हद्दबस्तचा (हद्दी दाखवून घेण्याचा) अर्ज केला तर सर्व्हेअर त्या सर्व्हे नंबरची किंवा हिश्श्याची बाहेरची हद्द दाखवून जाईल. आतला तुमचा एक एकर कुठला, हे तो सांगू शकत नाही, कारण कागदावर तो तुकडा अजून जन्मलेलाच नाही. त्यासाठी चुलत्यांची संमती घेऊन ११ई नकाशा (वाटणीआधी सर्व्हेअर आखून देतो तो तुकड्यांचा नकाशा) काढायचा, त्या नकाशावर वाटणीपत्र करून सब-रजिस्ट्रारकडं नोंदवायचं, मग फेरफार आणि पोडी (सर्व्हे नंबरची कागदोपत्री फोड), तेव्हा वेगळा हिस्सा नंबर पडतो. हे एका आठवड्याचं काम नाही. जूनच्या आत सगळं होणार नसेल तर निदान ११ई आणि नोंदणी उरका. पुढच्या पायऱ्या तुमच्या माघारी दुसरा कुणी बघू शकतो. अर्ज नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कचेरीत) किंवा ऑनलाइन होतो. सर्व्हे खात्याच्या सॉफ्टवेअरचं नाव 'मोजिणी' आहे, आपला शब्द तिथंही टिकलाय!

मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस पोचली का ते आधी विचारा. पोचली नसेल तर उद्या तोच शेजारी सगळी मोजणी अमान्य म्हणेल. सर्व्हेअर टिपण (मूळ मोजणीची मापं) आणि आकारबंद (सर्व्हे नंबरच्या क्षेत्राची नोंद) घेऊन आलाय ना, हेही बघा. माप जुन्या हद्दीच्या दगडापासून सुरू व्हायला हवं. शेजाऱ्याच्या कुंपणापासून सुरू केलं तर कुंपणाची चूक तुमच्या नकाशात उतरते. बांध दोनच फूट सरकला आणि लांबी ३०० फूट असली तरी ६०० चौरस फूट गेले. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. दगड रोवताना दोन फूट खाली, एक फूट वर ठेवा, आणि खड्ड्याच्या तळाशी कोळसा व फुटकी कौलं टाका. कुणी दगड उपटला तरी तळातली खूण राहते. पंचनाम्याची आणि नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. दुसऱ्याने १२ वर्षं उघडपणे, तुमचा हक्क नाकारून कब्जा ठेवला तर मुदतीच्या कायद्यानं तुमचा दावाच अडतो. परदेशात १२ वर्षं कशी जातात ते कळत नाही.

मोबाइलवरचं कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप सर्व्हे नंबर ओळखायला बरं आहे. पण फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, त्यावरून बांध ठरवू नका.

प्लॉटचं काम सोपं. चार बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. ३० बाय ४० चौकोन काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५० फूट भरतात. एक ५० फूट ९ इंच आणि दुसरा ४९ फूट ३ इंच निघाला तर बाजू बरोबर असूनही एक कोपरा जवळजवळ फूटभर सरकलाय, आणि बांधताना भिंत शेजारच्या प्लॉटमध्ये जाणार. सिटी सर्व्हेत असेल तर प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेचा ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) आणि बोजा नसल्याचा दाखला, तिन्हींतलं क्षेत्र एकच आहे का बघा. कोपऱ्यांना खांब आणि तारेचं कुंपण लगेच घाला.

गावठाणातल्या घराला पंचायतीचा नमुना ९ आणि ११ (घर-जागेचे उतारे) लागतो. त्यात घरामागचं परसू आणि गोठा धरलाय का? बहुतेकदा नसतो. स्वामित्व योजनेच्या (गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या) ड्रोन मोजणीआधी हद्दी चुन्याने आखतात. त्या दिवशी तुमच्या वतीनं बोट दाखवणारा माणूस हवा, नाहीतर परसू दुसऱ्याच्या नाहीतर पंचायतीच्या रेघेत जातं.

घराची तपासणी दोनदा करतात, एकदा उन्हात, एकदा पावसात. तुम्हाला पाऊस मिळणार नाही, म्हणून कौलांवर पाइपनं अर्धा तास पाणी सोडा आणि आतून बघा. पाणी बहुधा कौलातून येत नाही. आढ्यावरच्या सिमेंटच्या भेगेतून, पन्हळीच्या जोडातून आणि भिंतीला छप्पर टेकतं तिथून येतं. वासे आणि रिपा हातोडीच्या दांड्यानं ठोका. भद्द आवाज आला की आत वाळवी. जांभ्याच्या भिंतीवर जोत्यापासून वर चढलेली मातीची नळी दिसली तर नुसती पुसू नका. भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर फूटभर अंतरानं १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडायला लावा. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा आणि बाजूला पट्टी धरून फोटो काढा. पुढच्या वर्षी भेग रेघेपुढं गेली तरच ती वाढती. काळ्या मातीवरच्या घरात मेमध्ये रुंदावणारी भेग ऑगस्टमध्ये मिटते, म्हणून दरवर्षी एकाच महिन्यात तुलना करा. घर बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा चूल पेटली, दारं उघडली तरी लाकूड टिकतं.

घर बघणाऱ्याला किल्ली द्या, जनरल मुखत्यारपत्र देऊ नका. खास मुखत्यारपत्र करा. मोजणीचा अर्ज, पंचनाम्यावर सही, नकला घेणं, नोटिशीला उत्तर, कर भरणं, एवढंच त्यात लिहा आणि 'विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार नाही' हे वाक्य वेगळं घाला. निघण्याआधी सब-रजिस्ट्रारसमोर ते साक्षांकित होतं. नंतर तिकडून पाठवायचं झालं तर भारतीय वकिलातीत सही करा. कागद इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागतो.

आणखी एक, अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारशानं येते, पण चुलत्यांचा हिस्सा घ्यायचा विचार असेल तर तो व्यवहारही जूनच्या आतच करा.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र रोमिंगवर चालू ठेवा. दाखल्यांपासून आधारपर्यंत सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि बंद पडलेलं सिम वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात असतं.