पिण्याचे पाणी : किती, कसे आणि केव्हा?

प्रश्न : रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, असे सगळे सांगतात. मला तेवढे पाणी जात नाही. त्याने अपाय होईल का?

उत्तर : आठ हा आकडा काही शरीराने ठरवलेला नाही. अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याची शिफारस केली होती, पण त्यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, हे लगेच पुढे आलेले वाक्य लोकांच्या लक्षात राहिले नाही. फळे, भाज्या, दूध, इतकेच काय, चहासुद्धा या हिशेबात धरावा. निरोगी माणसाने तहानेवर विसंबावे आणि लघवीचा रंग पाहावा : फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर वाढवावे. मात्र मुतखडा होऊन गेलेल्यांना हा सैल नियम पुरत नाही; दिवसभरात निदान दोन ते अडीच लिटर लघवी होईल, इतके पाणी त्यांनी प्यावे.

प्रश्न : आमच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर कमी दिसतो. मग ते उकळण्याची गरज आहे का?

उत्तर : हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, आणि दर वेळी मीटरवरचा हा विश्वास पाहून काळजी वाटते. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यात क्षार साधारण किती विरघळले आहेत, याचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. त्यामुळे आकडा कमी असलेल्या पाण्यातूनही विषमज्वर किंवा कावीळ होऊ शकते. पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तर ते उकळावे. गढूळ असल्यास आधी निवळू द्यावे, स्वच्छ कापडातून गाळावे, मग खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट (समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर तीन मिनिटे) उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून निववावे. उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरला, तर सगळी मेहनत वाया जाते; म्हणून लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे भांडे वापरावे.

उकळण्याने फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम ठेवली आहे. विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी ते प्रयोगशाळेतून तपासूनच घ्यावे.

प्रश्न : जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात का?

उत्तर : पचन बिघडावे इतके होत नाहीत. घोटभर पाण्याने घास सहज उतरतो, खुशाल प्यावे.

प्रश्न : आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. रात्री उठावे लागते म्हणून ती पाणीच टाळते. काय करावे?

उत्तर : उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे त्यांनी तहान लागण्याची वाट पाहू नये. सकाळपासून दुपारपर्यंत थोडे थोडे पाणी हाताशी ठेवून द्यावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी करावे. उठताना चक्कर येणे, तोंड कोरडे पडणे, बोलण्यात गोंधळ होणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. आईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाण्याचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. भरपाई म्हणून एकदम तांब्याभर पाणी पाजण्याचा आग्रहही नको, कारण थोड्या वेळात फार पाणी पोटात गेल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि वृद्धांना त्याचा त्रास लवकर होतो.